हवाई अंतर तीनशे ऐंशी मीटर

वाचनालयाच्या दारावर नोटीस लागली त्या दिवशी काकांनी ती आधी दुरुस्त केली आणि मग वाचली. 'सुचना'चा सु दीर्घ केला, 'कळवीण्यात'चा वी ऱ्हस्व केला, एका ठिकाणी पूर्णविराम बसवला, लाल पेनाचं टोपण लावलं, आणि तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की आपण आत्ता जी शुद्ध केली ती वाचनालय बंद होणार असल्याची बातमी आहे.

एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधन केलेल्या माणसाचं असंच होतं. अक्षर दिसतं, मजकूर दिसत नाही. काकांच्या हातून त्या एकतीस वर्षांत किती चुका सुटल्या, असं निरोपसमारंभात कुणीतरी गमतीनं विचारलं होतं. काकांनी गंभीरपणे उत्तर दिलं, "दोन. दोन्ही वेळा मी रजेवर होतो." कॉलनीत त्यांना तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे अनुस्वार. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, कारण नाव निदान शुद्ध होतं.

नोटिशीत म्हटलं होतं की सदर शाखेपासून पाचशे मीटरच्या आत कालव्यापलीकडची शाखा उपलब्ध असल्यामुळे ही शाखा महिनाअखेर बंद करण्यात येत आहे, त्यामुळे नागरिकांची कोणतीही गैरसोय होणार नाही, आणि झालीच तर तीन आठवड्यांत हरकत नोंदवावी.

काकांना स्वतःला वाचनालयाचं फार वाटायचं असं नाही. तिथली वर्तमानपत्रं वाचायला बसलं की पहिल्या पानावरच त्यांचं डोकं उठायचं. पण त्यांची थोरली बहीण, अक्का, रोज दुपारी तीनला काठी टेकत तिथे जायची. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दोन्ही कामातून गेलेले, आवाज मात्र खणखणीत. कॉलनीतल्या तीन बायका, ज्यांना आता छापलेलं दिसत नव्हतं, तिच्याभोवती खुर्च्या ओढून बसायच्या आणि अक्का त्यांना पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवायची. मृत्युलेख, हवामान, क्रिकेट, भाड्यानं देणे आहे, काही सोडायची नाही. बाकीचा दिवस ती घरात एकटी असे. हे दोन तास गेले तर तिच्या दिवसात उरलं काय, हे काकांना कुणी सांगायची गरज नव्हती.

अक्कानं नोटीस पाहिली, लाल खुणा पाहिल्या आणि भावाकडे पाहिलं.

"व्याकरण सुधारून झालं असेल तर आता ती रद्द करून आण," ती म्हणाली.

काकांनी नऊ पानांची हरकत लिहिली. तीत एकही काट नव्हती. ती घेऊन ते कार्यालयात गेले. खिडकीमागच्या कारकुनानं ती पानं हातावर तोलून पाहिली आणि परत सरकवली. हरकत अंतराबद्दल असेल तर नकाशा लागतो, आणि तो कागदावरचा चालत नाही. मागे एका गृहस्थांनी हातानं काढून आणला होता, त्यात त्यांचं घर तलावापेक्षा मोठं होतं. तेव्हापासून नियम झाला की संवादी नकाशा हवा, इंटरनेटवर, आणि त्याची लिंक अर्जात.

संवादी म्हणजे नकाशा बोलतो का, असं काकांनी विचारलं. कारकून म्हणाला, बोलत नाही, पण ठिपक्यावर टिचकी मारली की माहितीची चौकट उघडते, साहेबांना मोठा-लहान करून बघता येतो. आणि मग, काकांच्या वहाणांकडे बघत, तो पुढे म्हणाला की आजकाल कुणीही करतं.

हे 'कुणीही' काकांना लागलं. घरी येईपर्यंत ते मनात त्या शब्दाखाली रेघा ओढत होते.

कॉलनीत बातमी पसरायला तासभर पुरला आणि सल्ले यायला त्याहून कमी. सर्वांत आधी आले शेजारचे मॅनेजर. हे बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, पण निवृत्ती त्यांनी अजून मंजूर केलेली नव्हती. त्यांचं म्हणणं, नकाशाचं काम एखाद्या जाणकाराला द्यावं. जाणकार कोण, असं विचारल्यावर ते म्हणाले की तेच शोधायला हवं. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचं मत पडलं की आधी पलीकडची शाखा खरंच आहे का ते बघावं. काकूंनी, म्हणजे काकांच्या पत्नीनं, सल्ला दिला नाही. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग रिकामा करून त्यावर कॉम्प्युटर ठेवला आणि उरलेल्या अर्ध्यावर आपलं भरतकाम मांडलं.

इंटरनेटवर एक शिकवणी सापडली. अगदी नवशिक्यांसाठी, अकरा धडे, फुकट. शिकवणाऱ्या बाई चष्मा सारखा करत प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला म्हणत, "घाबरू नका, हे अगदी सोपं आहे." काकांनी छापखान्यात अनुभवानं ओळखलं होतं की ज्या मजकुराच्या सुरुवातीला 'सोपं' हा शब्द येतो तो तीनदा वाचावा लागतो.

पहिल्या धड्यात बाईंनी बारा-पंधरा ओळी लिहिल्या आणि पडद्यावर चक्क नकाशा उगवला, रस्ते, नदी, सगळं सगळं. काकांनी व्हिडिओ थांबवत थांबवत त्याच ओळी कॉम्प्युटरवरच्या आपल्या नेहमीच्या पत्रं लिहायच्या पानावर उतरवल्या आणि त्यांचं मन विटलं. काय तो मजकूर! अवतरणचिन्हं कशी, तर खिळे ठोकल्यासारखी सरळ. उघडणारं कुठलं आणि मिटणारं कुठलं हे ओळखू येऊ नये. आकडे इंग्रजी. दोन शब्दांत मोकळी जागा कुठे एक, कुठे चार. काकांनी बाह्या सरसावल्या. प्रत्येक सरळ अवतरणचिन्ह काढून तिथे नीट वळणाचं, उघडतं आणि मिटतं, असं छापील चिन्ह बसवलं. सगळे आकडे देवनागरी केले. शेवटच्या ओळीला पूर्णविराम दिला. मग समाधानानं कळ दाबली.

पान करडं झालं. नकाशा नाही, रस्ता नाही, नदी नाही. नुसतं करडं.

तीन दिवस ते करडंच राहिलं. काकांनी बाईंचा धडा सात वेळा ऐकला. एकेक ओळ फुटपट्टी धरून ताडली. चूक नव्हती. चूक असती तर ती त्यांच्या नजरेतून सुटली नसती, हे ते काकूंना दिवसातून चारदा सांगत. मॅनेजर रोज सकाळी येऊन बंद करून चालू करा म्हणत, आणि काका तेही करत, कारण माणूस हरला की कुणाचंही ऐकतो. चौथ्या दिवशी काकांनी बाईंना पत्र लिहायला घेतलं की आपला धडा सदोष आहे.

भरतकामातला दोरा ओवता ओवता काकूंनी पडद्याकडे पाहिलं. अर्धा पडदा बाईंचा होता, अर्धा काकांचा.

"अहो, त्यांच्या खुणा ताठ उभ्या आहेत," काकू म्हणाल्या. "तुमच्या वाकलेल्या आहेत."

काकांनी समजावलं की वाकलेल्याच बरोबर असतात, जगातल्या कुठल्याही चांगल्या पुस्तकात बघ.

"बरोबर असतील. पण चालत नाहीयेत ना."

काकांनी कळफलक जवळ ओढला. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शुद्ध मजकूर अशुद्ध केला. वळणाची चिन्हं काढून खिळे ठोकले, देवनागरी आकडे इंग्रजी केले, पूर्णविराम उडवला. प्रत्येक बदलाला त्यांचा हात जड होत होता. शेवटची खूण ताठ झाली आणि करड्या पानावर एकदम रस्ते पसरले, कालवा निळा झाला, कॉलनीच्या इमारती चौकोनांसारख्या उमटल्या. काकूंनी दोरा तोडला आणि चांगला आलाय म्हणाल्या. काकांनी बाईंना लिहायला घेतलेलं पत्र न पाठवता फाडलं.

आता घरं दाखवायची होती. काका वही घेऊन दारोदार फिरले. एकशे बेचाळीस घरं. प्रत्येक घराच्या उंबऱ्यात उभं राहून फोनवरून अक्षांश-रेखांश टिपायचे आणि वाचनालयात घरातलं कोण जातं ते विचारायचं. लोकांनी चहा दिला, पाणी दिलं, आपल्या गुडघ्यांची माहिती दिली. यादी तयार झाली, काकांनी ती नकाशात ओतली, आणि अख्खी कॉलनी समुद्रात गेली.

जवळच्या समुद्रातही नव्हे. कुठल्यातरी गार, निर्मनुष्य, आकाशी समुद्रात, जिथे बोट जायलाही धजावणार नाही, तिथे एकशे बेचाळीस ठिपके शिस्तीत तरंगत होते. मॅनेजरांनी ते पाहिलं आणि आपल्या घरासमोर पाणी आहे का, एवढंच विचारलं. बाईंच्या पाचव्या धड्यात खुलासा मिळाला. ठिपका एकटा ठेवायचा असेल तर नकाशाला आधी अक्षांश सांगायचे, मग रेखांश. पण तीच माहिती यादीच्या फाइलमधून द्यायची असेल तर आधी रेखांश आणि मग अक्षांश. असं का, याला बाईंकडे उत्तर नव्हतं. त्या फक्त हसल्या. काकांना पहिल्यांदाच त्या बाईंबद्दल आपुलकी वाटली.

कॉलनी जमिनीवर परत आली तशी कॉलनीतली माणसंही काकांच्या घरी आली. लिंक सर्वांच्या फोनवर पोचली होती. एकाचा ठिपका शेजाऱ्याच्या छपरावर पडला होता आणि त्या दोघांचा आधीच वाद चालू होता. शिंपीणबाईंना आपला ठिपका जांभळा हवा होता. एका आजोबांनी विचारलं की मुलगा परगावी असतो, त्याचा अर्धा ठिपका देता येईल का. आणि मॅनेजरांचा ठिपका, वाऱ्यावर फोन धरल्यामुळे असेल, सरकून थेट सार्वजनिक स्वच्छतागृहावर बसला होता. मॅनेजर आवाज न चढवता म्हणाले की हा प्रश्न तत्त्वाचा आहे. काकांनी त्यांना तीन वेळा हलवलं तेव्हा ते आपल्या बाल्कनीत बसले.

लिंक जोडून हरकत दाखल झाली, सुनावणीची तारीख मिळाली. तिला पाच दिवस उरले आणि नववा धडा आला. पृथक्करण. बाई म्हणाल्या, नुसते ठिपके म्हणजे चित्र, त्यांना प्रश्न विचारला की होतो अभ्यास. पलीकडच्या शाखेभोवती पाचशे मीटरचं वर्तुळ काढा आणि किती घरं बाहेर राहतात ते मोजा. काकांनी काढलं. नारिंगी, पारदर्शक, सुबक वर्तुळ. मग मोजलं.

एकशे बेचाळीसपैकी एकशे एकतीस घरं आत.

काकांनी पुन्हा मोजलं. मग काकूंना मोजायला लावलं. आकडा हलेना. दोन आठवडे डोळे फोडून, एक चिन्हही न चुकवता त्यांनी सिद्ध केलं होतं ते हे, की कार्यालयाचं बरोबर आहे. त्या दुपारी ते अक्काकडे गेले, फोन तिच्यापुढे धरला आणि कबूल केलं की नकाशा झाला, उत्तम झाला, पण तो त्यांच्याच बाजूनं बोलतोय.  अक्कानं चष्मा पुसून नारिंगी वर्तुळ बघितलं.

"मी कुठे आहे?"

काकांनी तिचा ठिपका दाखवला. वर्तुळाच्या बराच आत.

"आणि हा निळा पट्टा?"

"कालवा."

"मग मी काय उडत जाऊ?"

 अक्का काठी घेऊन उठली होती. ती म्हणाली, चल, जाऊन दाखवते तुला किती लांब आहे ते.

कालव्यावर पूल एकच, तो पार टोकाला. काकांनी फोनवर वाट नोंदवायचं सुरू केलं, हे सातव्या धड्यात होतं, आणि बहीणभाऊ निघाले. कालव्याकाठच्या भिंतीला लागून, मोठ्या रस्त्यानं, पूल चढून, उतरून, पुन्हा तेवढंच मागे. अक्का वाटेत तीन ठिकाणी बसली. एकदा बंद दुकानाच्या पायरीवर, एकदा पुलाच्या कठड्याला टेकून, एकदा एका अनोळखी घराच्या ओट्यावर, आणि तिसऱ्या वेळी बराच वेळ उठलीच नाही. काका तिच्याशेजारी बसून राहिले. तिनं काठी दोन्ही हातांनी धरली होती. पलीकडची शाखा आली तेव्हा फोननं सांगितलं, एक हजार सहाशे चाळीस मीटर. सत्तावन्न मिनिटं. परत जायला त्यांनी रिक्षा केली.

संध्याकाळी काकांनी कॉलनीच्या अंगणात उभं राहून सांगितलं की आता ठिपके पुरे, वाटा हव्यात. प्रत्येकानं आपापल्या घरातून पलीकडच्या शाखेपर्यंत चालायचं आणि फोननं वाट नोंदवायची. पुढचे दोन दिवस कॉलनी रांगा लावून चालली. शिंपीणबाई दोनदा चालल्या, कारण पहिल्यांदा फोन घरीच राहिला होता. मॅनेजरांनी आधी सुचवलं की कालव्यावरच्या पाण्याच्या पाइपवरून गेलं तर पाचच मिनिटं लागतात. तुम्ही गेला आहात का, असं काकांनी विचारलं. मॅनेजर म्हणाले, गेलो नाही, पण अंतर तेवढंच आहे. शेवटी तेही चालत गेले आणि त्यांची वाट नकाशावर उमटली तेव्हा पुलापाशी ती एकदम डावीकडे वळून एका बेकरीत शिरलेली होती आणि तिथे बावीस मिनिटं मुक्काम करून बाहेर पडलेली होती. मॅनेजरांना डॉक्टरांनी गोड पूर्ण बंद केलेलं होतं. ही वाट सर्वांत आधी त्यांच्या पत्नीनं उघडून पाहिली.

सुनावणी एक वाजता होती, सुरू पावणेतीनला झाली. लांब टेबल, भिंतीवर पडदा, टेबलामागे अधिकारी. काका, काकू, अक्का आणि पुराव्यादाखल मॅनेजर. अधिकाऱ्यांनी आपला नकाशा लावला. त्यातही नारिंगी वर्तुळ होतं, काकांच्याइतकं सुबक नव्हतं.

"दोन शाखांमधलं हवाई अंतर तीनशे ऐंशी मीटर," अधिकारी म्हणाले. "नियमात बसतं. तुमचं म्हणणं काय?"

 काकांनी आपली लिंक उघडायला सांगितली. पडदा करडा झाला आणि करडाच राहिला. काकांना वाटलं, कुठेतरी एक खूण वाकलेली राहिली असणार. त्या अर्ध्या मिनिटात त्यांनी दोनशे सत्तर ओळी मनातल्या मनात तपासल्या. मग कारकून म्हणाला, इथलं नेट जरा सावकाश आहे, आणि हळूहळू रस्ते आले, कालवा आला, ठिपके आले, आणि त्या ठिपक्यांमधून निघून पुलाकडे जाणाऱ्या, पूल ओलांडून परत फिरणाऱ्या एकशे बेचाळीस तांबड्या वाटा आल्या.

"साहेब," काका म्हणाले, "वर्तुळ तुमचं बरोबर आहे. मीही तेच काढलं. त्यात एकशे एकतीस घरं बसतात. चालत गेलं तर त्यातलं एकही बसत नाही. आमच्याकडे हवेतून कुणी येत-जात नाही."

 अधिकाऱ्यांनी माउस स्वतःकडे ओढला आणि एका वाटेवर टिचकी मारली. चौकट उघडली, चौदाशे दहा मीटर. दुसरीवर मारली. मग बेकरीतल्या वाटेवर मारली आणि हे काय म्हणून विचारलं. मॅनेजर खिडकीबाहेर बघू लागले. मग अधिकाऱ्यांना एका वाटेवर तीन काळे ठिपके दिसले. त्यांनी पहिल्यावर टिचकी मारली. चौकटीत लिहिलं होतं, 'इथे अक्का बसली. पाच मिनिटं.' दुसऱ्यावर मारली. 'इथे अक्का बसली. सहा मिनिटं.' मग तिसऱ्यावर मारली. 'इथे अक्का बसली. चौदा मिनिटं. उठवत नव्हतं.'

 अधिकाऱ्यांनी टेबलापलीकडे पाहिलं. तिथे काठीवर हात ठेवून अक्का बसलेली होती.

त्यांनी कारकुनाला विचारलं की आपण आणखी किती शाखा या वर्तुळावर बंद करतोय. कारकून म्हणाला, अकरा. अधिकारी म्हणाले, सगळ्या थांबवा, सगळ्यांची चालायची वाट मोजा. मग काकांकडे वळून त्यांनी विचारलं की आमच्या मुलांना हे शिकवाल का, म्हणजे ऑफिसातल्या. काकांनी खुर्चीत सरळ होत विचारपूर्वक सांगितलं की शिकवीन, हे अगदी सोपं आहे. काकूंनी हसू लपवायला रुमाल काढला.

ही शाखा चालू राहील, लेखी आदेश आठ दिवसांत मिळेल, असं सांगून अधिकाऱ्यांनी रीतीप्रमाणे विचारलं की हरकतदारांपैकी आणखी कुणाला काही बोलायचं आहे का. अक्का उठली.

"लेखी सावकाश आलं तरी चालेल," ती म्हणाली. "पण सव्वातीन झाले. तिघी जणी पेपर घेऊन बसल्या असतील."

वाचनालयात पोचायला पावणेचार वाजले. तिघी खरोखरच बसल्या होत्या, पेपर घडी न मोडता मांडीवर ठेवून. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं नाही. उशीर झालेला होता आणि त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलेलं दिसत होतं. काका दाराशीच थांबले. तीन आठवड्यांचा सगळा पराक्रम कसा सांगायचा, अवतरणचिन्हांपासून सुरुवात करायची की समुद्रापासून, याची ते मनात जुळवाजुळव करत होते.

अक्का आपल्या खुर्चीत बसली. पेपर उघडला, चष्मा लावला आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं.

"वाचनालय बंद होणार नाही," तिनं बातमी वाचावी तशा खणखणीत आवाजात वाचलं. तिघींपैकी एकीनं विचारलं, हे छापून आलंय का.

"उद्या येईल. नकाशा माझ्या धाकट्या भावानं केला. एकट्यानं. त्यात एक चूक नाही."

साठ वर्षांत अक्कानं भावाला चांगलं म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं, काकांना तर नाहीच. तिघींनी माना वळवून, अंधूक दिसणाऱ्या डोळ्यांनी, दाराच्या दिशेनं पाहिलं आणि तिघीही हसल्या.  काका आत आले, कोपऱ्यातली एक खुर्ची उचलली, त्या चौघींच्या जवळ आणून ठेवली आणि बसले.

"हं," अक्का म्हणाली. "आता हवामान ऐका."